ओर्विन राजाचा पाणदरवाजा

राज्यवर्ष ४१२, पानगळीचा महिना, दिवस ३
तळ्याकाठची छावणी

सालेथच्या एल्फांचे राजे ओर्विन यांजकडून कन्या सिरेल हिस, मुक्काम कर्नाव.

आम्ही कुशल आहोत. तुझे कुशल कळवावे.

बावीस वर्षांत आपल्यात पत्रव्यवहार नाही. तो कुणाकडून बंद झाला याची चर्चा येथे नको. आज लिहिण्याचे कारण असे की तुझा पती माटेस सात गावांच्या माणसांची फौज घेऊन आमच्या रानात शिरला आहे. पूर्वेचे रान जळाले. दक्षिणेचे जळते आहे. आम्ही आमच्या तीनशे चाळीस लोकांना तळ्याकाठी आणले असून पाठीशी कडा आहे. ही माघार नव्हे. जागा मोक्याची आहे, धान्य पुरेसे आहे, लोक उत्साहात आहेत.

तथापि व्यर्थ रक्तपात आम्हाला आवडत नाही. तू माटेसला समजवावे आणि आमच्या लोकांना कर्नावच्या खोऱ्यातून समुद्रापर्यंत वाट मिळवून द्यावी. तेथून पलीकडच्या बेटांवर आपले भाऊबंद आहेत. पुढची सोय आम्ही पाहू.

तू कुणाची मुलगी आहेस याचा विसर पडला असल्यास आठवण देतो. नव्वदाव्या वर्षी, आपल्यात ज्याला पोरवय म्हणतात त्या वयात, आम्ही गादीवर बसलो. लांडग्यांच्या त्या लांबलेल्या हिवाळ्यात आम्ही स्वतः भाला घेऊन सीमेवर उभे राहिलो. माणसांशी पहिला करार आम्ही केला. आम्ही पाणदरवाज्यातून ओस्का नदीचे पाणी त्यांच्याकडे सोडावे, त्यांनी आम्हाला गहू आणि मध द्यावा. साडेतीनशेहून अधिक वर्षे तो करार चालला आणि मोडला तो त्यांच्या बाणाने. तुझी आई त्या बाणाने गेली. हे सर्व तुझ्या पतीस सांगावे.

उत्तर आणणाऱ्यास अभय आहे.

ओर्विन, राजा


पानगळीचा महिना, दिवस ६

सिरेल,

पत्र परत आलं. लाखेवरची मोहर जशीच्या तशी.

ज्या शिपायाने ते नेलं होतं तो सांगत होता, तू दारात आलीस, मोहर बघितलीस आणि म्हणालीस, "ज्याचं आहे त्याला नेऊन दे." एवढंच. मी त्याला विचारलं, कशी दिसते? तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "महाराज, केस पांढरे झालेत."

आपल्यात कुणाचे केस पांढरे होत नाहीत. रानाबाहेर राहिलं की होतात, असं ऐकून होतो. तू शेवटची माझ्यासमोर उभी होतीस तेव्हा तुझ्या वेणीत हिरवी फीत होती आणि तू म्हणत होतीस, "मी त्याच्याशी लग्न करणारच, तुम्ही या नाहीतर येऊ नका." मी आलो नाही.

या पत्रावर मोहर लावत नाही. म्हणजे तू निदान उघडशील.

धान्य पुरेसं आहे असं मी लिहिलं होतं. नाही. भूर्जाची साल उकळून देतो आहोत. काल दोन म्हाताऱ्यांनी आपला वाटा घेतला नाही आणि आज सकाळी ते उठले नाहीत. एल्फ म्हातारपणाने मरत नाहीत हे खरं, पण भुकेने मरतात. लोक उत्साहात नाहीत. रात्रंदिवस धूर आहे. झाडांना कसलातरी रोग लागून ती आधीच उभ्या उभ्या वाळली होती, त्यामुळे आग भराभर पसरते.

माटेसचा राग मी समजू शकतो. तुमचं मूल गेलं. पण सिरेल, हे मी तेव्हाही कळवलं होतं आणि आता पुन्हा सांगतो. त्या उन्हाळ्यात तुझं पत्र मला मिळालं असतं, तर मी त्याच क्षणी पाणदरवाजा उघडला असता. ते पत्र जासूद फेल्डाने वाटेत हरवलं. भर दरबारात ती खोटं बोलली आणि तिला त्याची शिक्षा झाली. यापेक्षा जास्त एक बाप काय करू शकतो?

वाट मिळवून दे. माझ्यासाठी नको. तुझ्या मावशा आहेत इथे. तुला पोहायला शिकवणारी आर्नेल आहे.

बाबा

हे पत्र घेऊन जायला कुणी नाही. पहिलं ज्याने नेलं तो आज दुपारी कुंपणाशी बाण लागून गेला. कारभारी ल्युसान म्हणतो, कड्यावरून खोऱ्यात उतरणारी एक शेळ्यांची वाट आहे, आणि ती फक्त एकीलाच माहीत आहे. फेल्डाला.


पानगळीचा महिना, दिवस ८

सिरू,

हे तुझ्या हातात पडलं असेल तर ते फेल्डाने आणलं आहे. तिला आधी पाणी दे, बसायला दे. सोबत सहा तारखेचं पत्रही आहे. ते मी फाडणार होतो, तिने फाडू दिलं नाही.

काल सकाळी ल्युसानला घेऊन कडा चढलो. फेल्डा वर एका गुहेच्या तोंडाशी राहते. दरबारात तिचे केस कापले होते ते तिने पुन्हा वाढवलेच नाहीत. ती शेळीचं दूध काढत बसली होती. उठली नाही.

"काय राजा," ती म्हणाली, "इतक्या वर, खुद्द? दम लागला असेल. बस, तिथे दगड आहे."

ल्युसान खवळला. "महाराज म्हण!"

"महाराज खाली रानात. इथे वर शेळ्या आहेत आणि मी आहे. तुला काय म्हणू तेवढं सांग."

मी दगडावर बसलो. म्हणालो, कर्नावला पत्र न्यायचं आहे. तीनशे चाळीस जिवांचा प्रश्न आहे.

"तीनशे सदतीस," ती म्हणाली. "वरून दिसतं मला, किती खड्डे खणता ते. पत्रात काय लिहिलंय?"

"राज्याचं काम आहे."

"मागच्या खेपेला मी काही न विचारता पत्र आणलं, आणि बावीस वर्षं शेळ्या राखतेय. या खेपेला वाचून दाखव. मग नेते."

मी वाचलं. तिच्या नावाच्या ओळी आल्या तेव्हा त्या गाळून पुढे गेलो. तिने धार काढणं थांबवलं.

"तुझे डोळे चार ओळी खाली घसरले आणि तोंड मात्र गप्प होतं. काय गाळलंस?"

मी त्या ओळी वाचल्या. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने भांडं बाजूला ठेवलं, हात फडक्याला पुसले आणि ल्युसानला म्हणाली, "तू जरा खाली जाऊन उभा राहा." आणि काय सांगू, राज्याचा कारभारी मुकाट्याने खाली गेला.

मग ती म्हणाली, "हे मी नेणार नाही. मारलंस तरी नाही. खरं लिही. दोन ओळी लिही, पण खऱ्या लिही."

मी म्हणालो, खरं लिहिलं तर ती कधीच मदत करणार नाही.

"मग मरा सगळे. पण या वेळी मी खोटं वाहून नेणार नाही."

तर सिरू, खरं असं आहे.

तुझं पत्र मला मिळालं होतं.

फेल्डा दोन दिवस धावत आली होती. मी ते तिच्यासमोरच उघडलं. अजून पाठ आहे मला. "बाबा, एक दिवस तरी दरवाजा उघडा. तापात माझं दूध आटलंय. बाळाला डबक्याचं पाणी उकळून देते, ते त्याला सोसत नाही. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा."

पाणी बंद करून तेव्हा वीस दिवस झाले होते. तुझी आई तुझं बाळ बघायला निघाली होती, मला न सांगता, तपकिरी घोंगडी पांघरून. ज्या शिकाऱ्याने तिला हरीण समजून बाण मारला, तोच तिला पाठीवर घेऊन आपल्या सीमेपर्यंत आला. हुंदके देत होता. मी त्याला जिवंत परत पाठवलं आणि ते माझं औदार्य म्हणून सगळ्यांनी वाखाणलं. चौथ्या दिवशी पाणदरवाजा बंद केला. लोकांना सांगितलं, आठ दिवस. त्यांना धडा मिळाला की उघडू.

तुझं पत्र वाचून मला काय वाटलं ते सांगतो. आनंद झाला. मला वाटलं, आता ती येईल. आज पत्र आलंय, उद्या ती स्वतः येईल, बाळाला घेऊन येईल, आणि या घरातून परत जाणार नाही. मी तुझी खोली झाडून घ्यायला सांगितली. पाळणा काढून ठेवला. तीन दिवस सीमेवर माणूस बसवला, तू दिसलीस की वर्दी द्यायला. दरवाजा उघडला असता तर तू आली नसतीस.

चौथ्या दिवशी बातमी आली. तुझ्या मावशीने दरबारात विचारलं, सिरेलने काहीच कळवलं नव्हतं का? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, नाही. फेल्डा तिथेच दाराशी उभी होती. म्हणाली, "महाराज, मी दिलं की तुमच्या हातात." मी म्हणालो, ही खोटं बोलते आहे.

मग दरवाजा उघडणं म्हणजे कबुली देणं झालं असतं. म्हणून तो बंदच राहिला. बावीस वर्षं. झाडांना रोगबिग काही लागलेला नाही. अडवलेल्या पाण्याने तळं फुगलं, मुळं कुजली, आपलं रान मीच बुडवून मारलं. माटेसने फक्त काडी लावली.

हे सगळं मी फेल्डाला वाचून दाखवलं. मला वाटलं, ती काही लागट बोलेल. ती बराच वेळ शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "तू पत्र वाचलंस आणि मला म्हणालास, जा, स्वयंपाकघरात जेव. मी जेवले, राजा. दोनदा वाढून घेतलं. मला वाटलं, काम झालं. बाकीचं सगळं मी गिळलं, पण ते जेवण अजून घशात आहे."

मी तिची क्षमा मागितली. पत्र न्यायला ती तयार झाली आहे.

तू मला क्षमा करावीस असं लिहिणार नाही. वाट दे. बस.

बाबा


पानगळीचा महिना, दिवस ११

सिरू,

फेल्डा आज पहाटे पोचली. तुझं उत्तर मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच डावीकडे झुकतं.

"माटेसच्या अटी खाली लिहिल्या आहेत. मी तुमच्या लोकांसाठी बोलले, तुमच्यासाठी नाही. यापुढे लिहिलंत तरी उत्तर येणार नाही."

उत्तर येणार नाही हे माहीत असून लिहितो आहे. मला आता दुसऱ्या कुणाला खरं सांगता येत नाही.

अटी मी सगळ्यांना वाचून दाखवल्या. तेरा तारखेला सूर्य डोक्यावर यायच्या आत ओस्काचं पाणी कर्नावच्या पाटात आलं पाहिजे. आलं, तर लोकांनी शस्त्रं टाकून खोऱ्यातून जावं, कुणी हात लावणार नाही. नाही आलं, तर उरलेलं रान पेटवणार. आणि शेवटची अट, राजाने एकट्याने, पायी, कर्नावला यायचं. ज्यांची मुलं गेली ते त्याचं काय करायचं ते ठरवतील.

शेवटची अट वाचून झाल्यावर "महाराज, असं होऊ देणार नाही" असं कुणीतरी म्हणेल याची मी वाट बघितली. तुझ्यापासून आता काय लपवायचं? वाट बघितली मी.

दुपारी ल्युसान आला. सोबत हेस्क होता, माझ्या अंगरक्षकांतला. माझ्याच उंचीचा.

ल्युसान म्हणाला, "कर्नावमधल्या कुणी तुम्हाला कधी पाहिलंय? हेस्क तुमचा अंगरखा घालून जाईल. तो तयार आहे."

हेस्क म्हणाला, "माझ्या जिवाचं एवढं काय, महाराज."

मी "नाही" म्हणालो नाही. "विचार करतो" म्हणालो, आणि खरोखरच अर्धा दिवस विचार केला. चारशे वर्षं ज्याने राज्य केलं तो गेला तर बेटांवर या लोकांना कोण सांभाळणार, वगैरे वगैरे. स्वतःला समजवायला मला कारणं कधी कमी पडली नाहीत. तुला तर तो ओळखू आलाच असता, आणि मी मनात म्हणत होतो, सिरेल बोलणार नाही. बघ, कुठवर गेलो होतो.

संध्याकाळी तळ्यावर गेलो. हेस्कची बायको कपडे धूत होती. त्याचा एकुलता एक चांगला सदरा. धुतला, पिळला, झटकला, पुन्हा पाण्यात बुडवला. पुन्हा धुतला. मला बघून तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "अंगरख्याच्या आत घालायला हवा ना काहीतरी स्वच्छ."

मी तिथूनच ल्युसानला हाक मारून सांगितलं, हेस्क बेटांवर जाईल, मी कर्नावला.

ल्युसान रडला. फेल्डा तिथेच होती. ती म्हणाली, "बरं झालं. नाहीतरी तो अंगरखा हेस्कला ढगळच झाला असता."

पण सिरू, मला भीती वाटते आहे. लांडग्यांना मी घाबरलो नव्हतो. आईबापांना घाबरतो आहे.

बाबा


पानगळीचा महिना, दिवस १४

सिरू,

पाणदरवाजा उघडत नव्हता.

बावीस वर्षांचा गाळ छातीएवढा साचला होता. साखळ्या गंजून एकमेकींत चिकटल्या होत्या. बारा तारखेला सकाळी पन्नास जणांनी रहाट फिरवायचा प्रयत्न केला, तर रहाटच मोडला. मग गाळ उपसायला लागलो. फावडी नव्हती. ढाली होत्या, स्वयंपाकाची पातेली होती, हात होते. मी कमरेएवढ्या चिखलात उतरलो. आर्नेल माझ्या शेजारी होती. दिवसभर ती एक शब्द बोलली नाही. तिन्हीसांजेला पातेलं माझ्या हातात देताना म्हणाली, "बंद करताना किती वेळ लागला होता हो?"

"घटकाभर," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली, आणि पुन्हा खाली वाकली.

तेराची सकाळ झाली तरी दरवाजा तसाच. ओकाच्या फळ्या फुगून दगडात रुतल्या होत्या. कर्नावपर्यंत पाणी जायला निम्मा दिवस लागतो हे मला माहीत होतं. करार केला तेव्हा मीच मोजलं होतं. तुझ्या आजोबांनी तो दरवाजा बांधला, सालेथची शान म्हणून लोक तो बघायला येत. मी कुऱ्हाड मागवली. ल्युसान म्हणाला, "फोडला तर पुन्हा कधी बंद करता येणार नाही."

"तेच हवंय," मी म्हणालो.

सहा जणांनी आळीपाळीने घाव घातले. खालची फळी तडकली तेव्हा पाण्याने हेस्कला आणि मला उचलून भिंतीवर आपटलं. माझा डावा खांदा निखळला. पाणी काळं होतं, त्याला कुजकट वास होता, आणि ते आवाज करत सुटलं. कुणी जल्लोष केला नाही. सगळे सूर्याकडे बघत होते. उशीर झाला होता.

दुपार झाली. टळायला लागली. पलीकडच्या उतारावर माटेसच्या माणसांनी पलिते पेटवलेले दिसत होते. आयांनी ओल्या घोंगड्या अंगावर घेतल्या. मी सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिलो. त्याचा काही उपयोग नव्हता, पण दुसरीकडे कुठे उभं राहणार?

पलिते खाली आले नाहीत. अंधार पडता पडता पांढरं निशाण आलं, आणि त्याच्या मागून शेळीसारखी उड्या मारत फेल्डा. आदल्या रात्रीच ती कर्नावला गेली होती.

तिनेच सांगितलं. कर्नावच्या चौकात वेळ बघायला सावलीची काठी रोवली होती. सावली खुणेला टेकायला आली, पाट कोरडाच. माटेस इशारा द्यायला वळला. तू पुढे झालीस, काठी उपटलीस आणि गुडघ्यावर मोडून टाकलीस. म्हणालीस, "आता सांगा, दुपार झाली का?" लोक चिडले. माटेस तुझ्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "ढग आलेत. काही कळत नाही." आभाळ स्वच्छ होतं म्हणे.

आज सगळे निघाले. तीनशे तेहेतीस. ल्युसानने माझा हात सोडायला फार वेळ घेतला. मुकुट मी त्याच्याकडे दिलेला नाही, तळ्यात टाकला. बेटांवर त्यांचा त्यांनी राजा निवडावा, किंवा निवडू नये.

फेल्डा त्यांच्याबरोबर गेली नाही. शेळ्या कोण बघणार, म्हणाली. हे पत्र ती तुझ्याकडे आणेल. मी मागून येतो आहे.

बाबा


पानगळीचा महिना, दिवस १७
कर्नाव

सिरू,

मी इथे पोचलो तेव्हा तू निघून गेली होतीस. आपल्या लोकांना बंदरापर्यंत पोचवायला तू गेलीस असं माटेसने सांगितलं. ते बोटीत चढले की परतशील, आणि परतलीस तरी मला भेटणार नाहीस, हेही सांगितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. थकवा होता. त्याने माझा खांदा बघितला आणि तो जागेवर बसवला. मी ओरडलो. तो म्हणाला, "झालं."

निकाल काल लागला. मला मारणार नाहीत. काहींना मारायचं होतं. गावची सुईण ड्रागा म्हणाली, "मेल्यावर याला काय आठवणार आहे?" तर मी इथेच राहायचं. ओस्काचा पाट डोंगरापासून कर्नावपर्यंत साफ ठेवायचा, गाळ काढायचा, काठ बांधायचे. मरेपर्यंत. रानाबाहेर राहिल्यावर मीही मरेन केव्हातरी. आज सकाळी पाण्यात बघितलं, कानाशी एक केस पांढरा दिसला.

पण निकालाआधी नावं झाली. त्याबद्दल लिहायला बसलो आहे.

चौकात सगळा गाव होता. बाकीच्या सहा गावांतलेही आले होते. पाटातून पाणी वाहत होतं आणि त्या आवाजात बोलावं लागत होतं. मला मधोमध उभं केलं. ड्रागा समोर पाटाच्या काठावर बसली. तिच्या हातात कागद नव्हता. पाणी तोडल्यावर त्या उन्हाळ्यात गेलेल्या एकसष्ट मुलांपैकी बहुतेक तिच्याच हातांवर जन्मली होती, तिला कागद कशाला. ती म्हणाली, "मी नाव सांगेन. आईबापाचं नाव, मुलाचं वय. तू माझ्यामागून म्हणायचं. मोठ्याने. पुटपुटायचं नाही."

तिने सुरुवात केली. "लेन्का. योस्ट आणि बारीची. चार वर्षांची." मी म्हटलं. गर्दीत एक बाई खाली बसली. "टोमिस्को. विधवा हान्याचा. एक वर्षाचा." मी म्हटलं. तिसरं, चौथं. मला वाटलं होतं दहाएक नावांनंतर जीभ सरावेल. ती सरावली नाही. प्रत्येक नावाला गर्दीत कुठेतरी कुणीतरी हलायचं. एक म्हातारा प्रत्येक वेळी "हो" म्हणत होता, जणू हजेरी घेतली जात होती. दोन बहिणी होत्या, सहा आणि सात वर्षांच्या, त्यांचा बाप माझ्या अगदी समोर उभा होता. मी त्यांची नावं म्हणत असताना त्याचेही ओठ हलत होते.

चाळीस झाली. माझा घसा बसला. कुणीतरी वाडग्यातून पाणी दिलं, पाटातलंच. प्यालो. एक्केचाळीस, बेचाळीस.

मग ड्रागा म्हणाली, "ओर्विन."

आणि थांबली.

मला वाटलं, मला हाक मारली. इथे आल्यापासून मला कुणी नावाने हाक मारली नव्हती. वाटलं, तिला काही विचारायचं असेल, किंवा मी मागचं नाव चुकीचं म्हटलं असेल. मी म्हणालो, "हो. इथेच आहे."

फक्त पाणी वाहत होतं.

ड्रागाने मान वर केली. माझ्याशी ती दिवसभरात पहिल्यांदाच हळू बोलली. "तुला नाही हाक मारली, बाबा. त्या लेकराचं नाव आहे."

मला कळलं नाही. खरंच कळलं नाही, सिरू. आपल्यात जिवंत माणसाचं नाव मुलाला ठेवत नाहीत. मी इकडे तिकडे बघितलं. लोक माझ्याकडे बघत नव्हते, माटेसकडे बघत होते. त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

"आमच्यात आजोबाचं नाव ठेवतात," तो म्हणाला. "ती म्हणाली, तेच ठेवायचं. मी नको म्हणत होतो."

मी काहीतरी बोललो असेन, काय ते आठवत नाही. गुडघे टेकले होते एवढं आठवतं, कारण जमीन ओली होती. कुणीही मला उठवायला आलं नाही, आणि कुणी घाईही केली नाही. तुझ्या पत्रात तू फक्त "बाळ" लिहिलं होतंस. मी विचारलंही नव्हतं, या बावीस वर्षांत एकदाही नाही, पाळणा काढताना नाही, दरबारात नाही, या पत्रांतसुद्धा नाही.

ड्रागा वाट बघत होती. मग ती पुन्हा म्हणाली, सगळं, पहिल्यापासून, सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसं. आणि मी तिच्यामागून म्हटलं.

"ओर्विन. माटेस आणि सिरेलचा. सात आठवड्यांचा."